विश्लेषण : रस्त्याखालची फायबर केबल नेमकी कुठे तुटली? उत्तर देणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रस्ता खणला की पाण्यासोबत इंटरनेटही जाते. मेट्रो, काँक्रीटीकरण आणि जलवाहिन्यांची कामे एकाच पट्ट्यात सुरू असतात. तुटलेली केबल जोडण्यापेक्षा ती कुठे तुटली हे शोधण्यातच अनेकदा जास्त वेळ जातो. याचे मूळ अपुऱ्या नोंदींत आहे.

तुटलेली जागा का सापडत नाही?

ओटीडीआर हे यंत्र केबलमध्ये प्रकाश सोडून तुटलेल्या ठिकाणापर्यंतचे अंतर सांगते. मात्र ते अंतर केबलचे असते, रस्त्याचे नव्हे. दुरुस्तीसाठी जोडाजवळ केबलचे वेटोळे राखून ठेवलेले असते. समजा, वाटेत २० मीटरची पाच वेटोळी आहेत. त्यांची नोंद नसेल तर खड्डा १०० मीटर पुढे खणला जाईल.

एक्सेल, गुगल अर्थ पुरेसे का नाही?

नकाशावरील रेघ केबलचा मार्ग दाखवते, आतली जोडणी नाही. ४८ कोअरच्या केबलमधला कोणता तंतू कोणत्या जोडातून कोणत्या सोसायटीत जातो, हे जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाच्या डोक्यात किंवा वहीत असते. तो नोकरी सोडून गेला की माहितीही जाते.

सॉफ्टवेअर निवडताना काय तपासावे?

- प्रत्येक कोअर आणि जोड नोंदवता येतो का?
- ओटीडीआरचे अंतर टाकल्यावर वेटोळी वजा करून नकाशावर जागा दिसते का?
- एक केबल तुटली तर कोणते ग्राहक बंद पडतील, हे कळते का?
- तंत्रज्ञाला मोबाइलवर, नेटवर्क नसतानाही नोंद करता येते का?
- कंपनी बदलल्यास सगळी माहिती बाहेर काढता येते का?

मोफत पर्याय आहे का?

क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर नकाशासाठी उत्तम आहे. छोट्या केबलचालकाला त्यापासून सुरुवात करता येते. मात्र जोडांची रचना स्वतः बसवावी लागते, त्यासाठी जाणकार माणूस हवा.

सरकारी व्यवस्था काय आहे?

बेशिस्त खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३ हजार कोटींचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने म्हटले होते. त्यावर उपाय म्हणून २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप सुरू झाले. खोदणाऱ्याने त्यावर जागा कळवली की तिथल्या वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. पण आपली केबल कुठून जाते हेच मालकाला ठाऊक नसेल, तर तो खोदणाऱ्याला काय सांगणार?

खरी अडचण कोणती?

रात्री दोन वाजता घाईत केलेली दुरुस्ती सकाळी नोंदवली गेली नाही, तर महागडे सॉफ्टवेअरही काही महिन्यांत जुना नकाशा ठरते. म्हणून खरेदीआधी नोंद कोण करणार, हे ठरायला हवे. नोंद झाल्याशिवाय दुरुस्तीचे बिल मंजूर न करणे, हा त्यावरचा साधा उपाय.