औषध दोघांनीही घ्यावे

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांवर उपचार झाले की घरात लगेच विचारणा होते, ‘आता पाळणा कधी?’ आमच्या मते त्याआधी विचारायला हवे, नवऱ्याने औषध घेतले का?

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. दुखणे अंगावर काढायची सवय किती खोल आहे, हे त्यावरून कळते.

संसर्ग शरीरसंबंधातून झालेला असेल, तर पुरुषाला त्रास नसला तरी त्याच्या अंगात जंतू असू शकतात. एकट्या बायकोने गोळ्या घेतल्या तर संसर्ग पुन्हा होतो. म्हणून दोघांचेही उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावेत. मूल हवे असे ठरले की डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासूनच सुरू करावी.

गर्भनलिकांना सूज येऊन गेली असल्यास गर्भ नळीतच रुजण्याचा धोका वाढतो. पाळी चुकून पोटात एका बाजूला दुखू लागले, रक्त दिसले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा जोडप्याने दिवस राहात नसल्यास वर्षभर वाट न पाहता तपासणी करावी. तीही दोघांची. सुनेला बोल लावून गर्भनलिका उघडत नाहीत.