तपासणीत अडलेला सौदा

फेब्रुवारी २०२५मध्ये, हंगाम ऐन रंगात असताना, लॉस एंजेलिस लेकर्सने अँथनी डेव्हिस देऊन डॅलसकडून लुका डॉन्चिच घेतला. उंचापुरा डेव्हिस गेल्याने बास्केटखाली पोकळी पडली. ती भरायला शार्लटचा सात फुटी मार्क विल्यम्स ठरला. बदल्यात नवखा डाल्टन नेक्ट आणि कॅम रेडिश जाणार होते. विल्यम्स वैद्यकीय तपासणीत उतरला नाही आणि ८ फेब्रुवारीला सौदा मोडला. अदलाबदलीची मुदत ६ तारखेलाच संपलेली. नेक्ट आणि रेडिश त्याच ड्रेसिंग रूममध्ये परतले. नको म्हटलेल्या संघासाठीच पुन्हा धावायचे, हा ताण कुठल्या अहवालात येणार?

खापर डॉक्टरांवर फोडणे सोपे. चूक तपासणी अखेरच्या घटकेवर ठेवणाऱ्या नियोजनाची. भार उरलेल्यांवर पडला. एप्रिलअखेर मिनेसोटाविरुद्ध चौथ्या सामन्यात लेकर्सने उत्तरार्धाची सगळी २४ मिनिटे तेच पाच खेळाडू खेळवले. त्यात चाळिशीचा लेब्रॉन जेम्सही. थकलेल्या स्नायूंची उडी तोकडी पडते, नेमही चुकतो. शेवटच्या १२ मिनिटांत लेकर्सचे गुण १९, मिनेसोटाचे ३२. सामना तीन गुणांनी गेला, पुढच्या सामन्यात मालिकाही.