गाळलेली जागा, गाळलेला वक्ता

प्राथमिक शाळेतील व्याकरणाचे अध्यापन हा साहित्यसमीक्षेचा विषय नव्हे, अशी एक सोयीस्कर समजूत मराठी समीक्षाव्यवहारात रूढ आहे. पाठ्यपुस्तकांतील धड्यांची निवड, त्यांतून डोकावणारे वर्ग, जात आणि लिंगभाव यांविषयीचे संकेत यांची चर्चा अधूनमधून होते. धड्याखालच्या स्वाध्यायाकडे मात्र समीक्षकाची दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः विचारप्रणालीचा संस्कार धड्यापेक्षा स्वाध्यायातून अधिक निर्वेधपणे होतो. कारण धड्याशी वाद घालता येतो, गाळलेल्या जागेशी येत नाही. 'योग्य उभयान्वयी अव्यय वापरून वाक्ये जोडा' हा वरकरणी अत्यंत निरुपद्रवी प्रश्न ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

समजा, आठ-नऊ वर्षांच्या मुलांपुढे पुढील दोन वाक्ये ठेवली: 'शांता झोपडपट्टीत राहते. तिचे कपडे स्वच्छ असतात.' अपेक्षित उत्तर 'पण' हेच असणार, हे सांगायला उत्तरसूचीची गरज नाही. तथापि ह्या दोन वाक्यांच्या अर्थांत परस्परविरोध कोठेही नाही. विरोध आहे तो प्रश्नकर्त्याच्या गृहीतकाशी: झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे कपडे स्वच्छ नसतात. कोठेही न उच्चारलेले हे तिसरे विधान मान्य केल्यावाचून 'पण' सुचत नाही. आणि ते अमान्य करून 'आणि' लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर चुकीचे ठरते. वर्गात झोपडपट्टीतूनच आलेली एखादी मुलगी बसली असेल, तर एका गुणासाठी तिला स्वतःच्या घराच्या अवहेलनेवर सही करावी लागते. 'गरीब पण प्रामाणिक', 'मुलगी पण धीट' ही सारी जोडकामे ह्याच जातकुळीची होत. येथे व्याकरणाच्या नावाखाली जे शिकवले जाते, ते व्याकरण नव्हे.

'पण'चे हे स्वरूप आधुनिक तर्कशास्त्राला अपरिचित नाही. गोटलोप फ्रेगे ह्याने 1879 मध्येच असे दाखवले होते की, 'आणि' व 'पण' यांतील भेद विधानांच्या सत्यासत्यतेवर परिणाम करीत नाही. पुढे येणारी गोष्ट अपेक्षेहून वेगळी आहे, एवढेच 'पण' सुचवते. तर्कशास्त्राला ही सूचना बाजूला ठेवता येते. साहित्याच्या अभ्यासकाला तसे करता येत नाही. अपेक्षा कोणाची, हाच त्याचा प्रश्न असतो. भारतीय काव्यशास्त्राने तर ह्या इवल्याशा शब्दांची प्रतिष्ठा फार पूर्वीच ओळखली होती. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात निपातांनाही व्यंजकत्व दिले. कुंतकाने वक्रतेच्या प्रकारांत त्यांना स्थान दिले. पदव्युत्तर वर्गात ज्याला व्यंजक म्हणून गौरवायचे, त्याला प्राथमिक वर्गात डिंक म्हणून वापरायचे, ही विसंगती मराठीच्या अध्यापनव्यवहाराला अद्याप जाचत नाही.

ह्या विसंगतीचे मूळ शालेय व्याकरणाच्या वर्गीकरणात आहे. प्रधानत्वसूचक अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक असे चार गट पाडावयाचे, प्रत्येकाखाली शब्दांची यादी द्यावयाची आणि एका यादीतील शब्द एकमेकांच्या जागी चालतात असा समज मुलांत रुजू द्यावयाचा, ही रूढ पद्धती. 'किंवा' आणि 'की' दोन्ही विकल्पबोधक. परंतु 'चहा किंवा कॉफी घेणार का?' ह्या प्रश्नाला 'नको' हे उत्तर चालते. 'चहा घेणार की कॉफी?' ह्या प्रश्नात काहीतरी घेणे गृहीतच धरलेले असते. हा भेद पाच वर्षांच्या मुलाच्या जिभेला ठाऊक असतो; यादी पाठ झाल्यावर तो नाहीसा होण्याचीच शक्यता अधिक. 'म्हणून'ची कथा याहून बोलकी आहे. 'पाऊस आला म्हणून शाळा सुटली' येथे ते प्रधानत्वसूचक. तोच संबंध उलटा मांडून 'शाळा सुटली, कारण पाऊस आला' म्हटले की 'कारण' गौणत्वसूचक. कार्यकारणभाव एकच, कप्पे मात्र दोन. शिवाय 'म्हणून' हे 'म्हण' ह्याच धातूचे रूप आहे. ह्या जोडशब्दाच्या पोटात एक बोलणारा बसलेला आहे, ही गोष्ट शब्द स्वतःच सांगत असताना शालेय व्याकरण तिला बधिर राहते.

प्रधान वाक्ये समान दर्जाची असतात, हे सूत्रही तपासून पाहण्यासारखे आहे. संस्कृत वैयाकरणांनी 'च' ह्या एका निपाताचे चार अर्थ मानले: समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार. त्यांपैकी शेवटचे दोन द्वंद्व समासाच्या निमित्ताने शाळेत पोहोचले. अन्वाचय मात्र वाटेतच राहिला. 'भिक्षेला जा आणि गाय घेऊन ये' ह्या परंपरागत उदाहरणात भिक्षा हे मुख्य काम, गाय आणणे आनुषंगिक. 'आणि'च्या दोन्ही बाजूंना समान वजन असतेच असे नाही, हे ज्या परंपरेने जाणले होते, तिच्या वारसांनी 'आणि'ला बेरजेचे चिन्ह करून टाकले आहे.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला मुक्त शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचा: मुले 'आणि', 'पण' बोलता बोलता शिकतात, मग ते शिकवायचेच कशाला? हा युक्तिवाद बोली आणि लेखन यांतील अंतर विसरतो. बोलताना सूर, विराम आणि हावभाव वाक्यांचे नाते सांगतात. कागदावर त्यांची जागा जोडशब्दाला घ्यावी लागते. जे मूल तोंडी एकाच 'आणि'तून क्रम, कारण आणि विरोध व्यक्त करू शकते, त्याला लिहिताना हे संबंध वेगळे करण्याची साधने देणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. ते नाकारणे म्हणजे ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांच्यासाठीच लेखन राखून ठेवणे होय.

दुसरा आक्षेप शिस्तप्रियांचा: एकच बरोबर उत्तर नसेल, तर तपासणी कशी करायची? येथे तपासणीची सोय ज्ञानाच्या मुखवट्यात वावरते. त्याच दोन वाक्यांत 'आणि' घातल्यास, 'पण' घातल्यास आणि 'म्हणून' घातल्यास काय काय होते, प्रत्येक वाक्य कोण बोलेल, ते ऐकून शांताला काय वाटेल, हे विचारता येते. 'म्हणून' घालताच गप्प होणारा वर्ग विचार करू लागलेला असतो. अशा पाठाला साहित्यही लागत नाही; मुलाचे कारण ऐकून घेणारा शिक्षक तेवढा लागतो. गुण द्यायचे ते त्या कारणाला.

मुलांच्या निबंधांतील 'आणि' व 'मग' यांवर तांबडी रेघ ओढण्याची सवयही ह्याच अविचाराची दुसरी बाजू. 'लीळाचरित्रा'चे गद्य 'मग'च्या आधारे चालते. एरिक आउअरबाखने 'मिमेसिस'मध्ये (1946) वाक्यांची समांतर जुळणी हे दारिद्र्य नसून वास्तवाकडे पाहण्याची एक रीत असू शकते, हे पाश्चात्त्य वाङ्मयाच्या संदर्भात विस्ताराने दाखवले आहे. ज्या रीतीला म्हाइंभटाच्या ठायी शैली म्हणायचे, तिला चौथीतल्या मुलाच्या वहीत दोष म्हणताना निदान कारण तरी द्यावे लागेल.

मराठी घरांत मोठी माणसे मुलांना बजावतात: 'पणबिण काही नाही!' त्या दरडावणीत एक प्रामाणिकपणा असतो. 'पण' हा विरोधाचा शब्द आहे, हे तिला पुरते कळलेले असते. शाळा मुलाच्या हाती 'पण' देते, मात्र कोणत्या जागी घालायचा हे आधीच ठरवून. मुलाजवळचा हा विरोधाचा शब्द ती अशा रीतीने, जाचक काही घडल्याचे भासू न देता, काढून घेते. तो परत मिळवून देणे हे व्याकरणाच्या तासाचे काम आहे. आणि तो तास कसा चालतो याकडे पाठ फिरवणाऱ्या समीक्षेने वाचकाच्या स्वातंत्र्याची भाषा जपून वापरावी.