स्टेअरिंग जड झालं? पंप बदलायच्या आधी एवढं बघा



आज मासळीच्या भावावर नाही, तलावाच्या ठेक्यावर पण नाही. आज आपण छोट्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर बोलणार आहोत. काही जण म्हणतील, मच्छीमारांच्या पेजवर ट्रॅक्टर कशाला? त्यांनी एकदा कारंजा धरणाच्या काठाला, नाहीतर आळंद तालुक्यात कोरळ्ळीच्या अमरजा धरणाकडं पहाटे जाऊन बघावं. बर्फ, क्रेट, जाळी, तराफे, बीजाच्या पिशव्या, सगळं आता छोट्या ट्रॅक्टरवर येतं-जातं. पुढं लोडर लावला की नर्सरी तळ्याचा बांध घालायला, गाळ ओढायला तोच. डोक्यावरून पाट्या वाहायचे दिवस आपल्या वडिलांनी काढले. आता काम यंत्रावर आहे, आणि यंत्र बंद पडलं की मासळी कुजते.

आमचं म्हणणं सरळ आहे. पॉवर स्टेअरिंग बिघडलं की आपल्या संस्था तपासायच्या आधी पैसे खर्च करतात. कुणीतरी म्हणतो "पंप गेला", आणि आपण पंप बदलतो. पंप बदलूनही जड राहिलं तर म्हणतात "ऑर्बिट्रोल गेला". तोही बदलतो. शेवटी सापडतं काय, तर टाकीपासून पंपाकडं जाणाऱ्या पाइपची क्लिप ढिली! आमच्याच संस्थेत असं व्हायची वेळ आली होती. नव्या पंपाचा अंदाजखर्च कागदावर आला होता. एका जुन्या जाणत्या मिस्त्रीनं आधी टाकीचं झाकण उघडलं, आत फेस दिसला, क्लिप आवळली, हवा काढली, गाडी चालू. हे पैसे सभासदांच्या वर्गणीचे आणि मासळीच्या कमिशनचे असतात. अंदाजानं उडवायचे नसतात.

हे यंत्र चालतं कसं, ते आधी थोडक्यात. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत आता स्टेअरिंगचं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडी दांडा नसतोच. इंजिनवर पंप असतो, तो टाकीतलं ऑइल ओढून दाबानं पुढं ढकलतो. स्टेअरिंगच्या खांबाखाली एक युनिट असतं, त्यालाच मिस्त्री ऑर्बिट्रोल म्हणतात. आपण चाक जेवढं फिरवू तेवढं ऑइल मोजून ते सिलिंडरच्या एका बाजूला सोडतं. सिलिंडरचा रॉड सरकतो, चाकं वळतात. जास्तीचा दाब रिलीफ व्हॉल्व्ह सोडून देतो. एवढाच खेळ आहे. म्हणजे दोष एकतर ऑइलमध्ये, नाहीतर हवेत, पंपात, युनिटात, सिलिंडरमध्ये, किंवा ऑइलशी काही संबंध नसलेल्या लोखंडात. यातलं कुठलं, हे यंत्र स्वतःच सांगतं. आपण ऐकायला पाहिजे.

आता लक्षणं बघा. ड्रायव्हर मंडळींनी हे वाचून दाखवावं, जपून ठेवावं.

१) दोन्ही बाजूंना जड. आधी टायरची हवा बघा. पुढच्या टायरात हवा कमी आणि लोडरच्या बकेटमध्ये ओला गाळ भरलेला, मग कुठलंही स्टेअरिंग जड होणारच. मग ऑइलची पातळी, मग फिल्टर. पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा.

२) एकाच बाजूला जड. इथं पंपाला दोष देऊ नका. पंपाला डावं-उजवं कळत नाही, तो दोन्हीकडं तेच ऑइल पाठवतो. कुठला होज दबलाय का, लोखंडात काही अडतंय का, युनिटातला त्या बाजूचा व्हॉल्व्ह अडकलाय का, ते बघायचं.

३) इंजिन हळू असताना जड, रेस दिली की हलकं. पंप झिजत आल्याची ही खूण असू शकते. उलट रेस दिल्यावर कुंईकुंई आवाज वाढतो आणि झटके बसतात, तर पंपाला ऑइल ओढता येत नाही. फिल्टर चोंदलाय, किंवा ओढणाऱ्या पाइपातून हवा आत जातेय. लक्षात ठेवा, या पाइपातून ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली डाग नसला तरी दोष असू शकतो.

४) सकाळी ठीक, दुपारी गरम झाल्यावर जड. गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून किंवा युनिटातून आतल्या आत निसटतं. उलट बिदरच्या थंडीत सकाळी जड आणि नंतर ठीक, तर बहुतेक कुणीतरी चुकीचं जाड ऑइल ओतलंय.

५) पूर्ण वळवून टोकाला नेलं तरी स्टेअरिंग हळूहळू फिरतच राहतं, किंवा सरळ जाताना गाडी एकीकडं सरकते. सिलिंडरच्या आतलं सील गेल्याचा संशय घ्या. युनिट झिजलं तरी असंच होतं, म्हणून खात्री करूनच सुटा भाग मागवा.

६) दुरुस्तीहून आल्यावर चाक आपोआप फिरायला लागलं. ताबडतोब इंजिन बंद करा. युनिट उघडून परत बसवताना आतले भाग चुकीच्या खुणेवर बसले असणार. डावीकडं वळवलं आणि गाडी उजवीकडं गेली, तर दोन होज उलटे जोडलेत. अशी गाडी बांधावर नेऊन "चालवून बघू" म्हणू नका.

७) ऑइल दुधासारखं पांढरट. पाणी शिरलंय. आपलं काम पाण्याकाठचं, त्यात पावसात टाकीचं झाकण ढिलं, वरून पाण्याच्या जोरात गाडी धुणं. सगळं ऑइल काढून, फिल्टर बदलून, नवं भरायचं. वरून थोडं चांगलं ऑइल ओतून भागत नाही.

ज्यांच्या ट्रॅक्टरात लोडर आणि स्टेअरिंगला एकच पंप आहे, त्यांच्यासाठी अजून एक सोपी परीक्षा. लोडर पण मंद झाला असेल तर दोष दोघांच्या सामायिक भागात, म्हणजे ऑइल, फिल्टर, पंप. लोडर झटक्यात उचलतोय आणि फक्त स्टेअरिंग जड, तर पंपाला हात लावू नका, पुढं बघा.

लोखंड तपासायला पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खाली पक्के ठोकळे लावा, मागच्या चाकांना दगड लावा. मिस्त्री सिलिंडरचा रॉड सोडवेल, मग चाकं हातानं वळवून बघा. हातालाच जड लागत असेल तर किंगपिन नाहीतर बुश कोरडी पडलीय. तिथं ग्रीसची गरज आहे, पंपाची नाही. गाळात काम करणाऱ्या गाडीत हे फार होतं.

हवा काढायची पद्धत पण अवघड नाही. पुढची चाकं उचललेली ठेवून टाकी भरा, इंजिन हळू ठेवा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बऱ्याच वेळा फिरवा. टोकाला दाबून धरू नका. पातळी उतरली की परत भरा. फेस जाईपर्यंत हे करा. तरी फेस येत राहिला तर हवा अजून कुठून तरी शिरतेय, ती जागा शोधा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. इंजिन चालू असताना होजवर हात फिरवून गळती शोधू नका. बारीक छिद्रातून दाबाचं ऑइल कातडीत सुईसारखं घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. कुणाला लागलंच तर हळद लावून बसू नका, त्याच घटकेला दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना "दाबाचं ऑइल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

आता मुद्द्याचं. काही सभासद म्हणतात, हे मिस्त्रीचं काम, संस्थेनं कशाला डोकं लावायचं? आम्ही मिस्त्रीच्या विरोधात नाही. युनिट उघडायचं काम त्यांचंच. धरणाच्या काठाला धुळीत ते कुणी उघडूच नये. पण डॉक्टरकडं गेल्यावर कुठं दुखतंय ते आपणच सांगतो ना? "कधी जड होतं, कुठल्या बाजूला, गरम झाल्यावर का थंड असताना," एवढं सांगितलं तर चांगल्या मिस्त्रीचं अर्धं काम होतं. आणि जो न बघताच भाग बदला म्हणतो, तोही दोनदा विचार करतो.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, गाडी एकाच्या ताब्यात द्या. सहकारी गाडीला दहा चालवणारे आणि बघणारा कुणी नाही, हेच खरं दुखणं. रोज सकाळी ऑइल, टायर, होज बघून वहीत सही करणारा एक माणूस नेमा. दुसऱ्यानं गाडी नेली तर त्यानं पण लिहायचं. त्याला महिन्याला थोडं मानधन द्यायला आमची हरकत नाही. एका पंपाच्या किमतीत ते निघतं.

दुसरी, प्रेशर गेज. पंप खरंच गेलाय का, हे गेज लावून दाब मोजल्यावरच कळतं. कंपनीच्या पुस्तकात दाब किती पाहिजे तो आकडा असतो, त्याच्याशी ताडून बघायचं. प्रत्येक संस्थेला गेज घेणं परवडणार नाही. भालकी, बसवकल्याण, आळंद भागातल्या आपल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक संच घेतला तर सगळ्यांचं भागेल. बदललेला जुना भाग परत मागायचा आणि बिलावर कारण लिहून घ्यायचं, हा नियम पण ठरवू.

तिसरी, माहिती आपल्या भाषेत मागा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्यांच्या बरोबरीनं शेतीची अवजारं पण धरली आहेत. म्हणजे दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळावेत हे मागणं भीक नाही. सीमाभागात आपण कानडी बोलतो, मराठी वाचतो, उर्दू समजतो. निदान कानडी आणि मराठीत दुरुस्तीचा तक्ता विक्रेत्याकडं मागितलाच पाहिजे.

चौथी, शिक्षण. आपल्याकडची पोरं कामाला पुणे-हैदराबादला जातात. त्यातल्या दोघांना ट्रॅक्टर दुरुस्तीचं शिकवलं तर गावातच काम आहे. अनंतपूर जिल्ह्यात गारलदिन्नेला केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या बिदरमध्ये पशुवैद्यकीय आणि मत्स्यविज्ञानाचं विद्यापीठ आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. मासळीच्या प्रशिक्षणासोबत यंत्राचा एक दिवस ठेवा, असा अर्ज सगळ्या संस्थांनी मिळून द्यायला काय हरकत आहे? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. योजनेतून वस्तू येते, पण ती पाच वर्षं चालती ठेवायची अक्कल आपल्यालाच कमवायची आहे.

पावसाळा तोंडावर आला की बीज येणार. कटला, रोहू, मृगळची बोटुकली ऑक्सिजनच्या पिशवीत काही तासच टिकते. त्या दिवशी गाडी बांधावर अडकली तर वर्षाचं पीक पिशवीतच मरतं. आणि बांध म्हणजे एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. तिथं स्टेअरिंगनं दगा दिला तर मासळीचं सोडा, माणूस जातो. "जड आहे पण चालतंय" हे वाक्य आपल्या संस्थांतून बंद झालं पाहिजे.

तेव्हा अण्णा, मामा, तात्या, आजच गाडीचं झाकण उघडून ऑइल बघा. फेस आहे का, रंग कसा आहे, पातळी किती आहे, खाली लिहा. सामायिक गेज घ्यायला कुठल्या संस्था तयार आहेत तेही कळवा. येत्या मासिक बैठकीत हा विषय घेऊ.

संस्थेच्या वतीनं,
सचिव