शिधापत्रिका आणि सरहद्द

नोव्हेंबर २०२४ मध्ये रत्नागिरीजवळच्या नाखरे येथील चिरेखाणीवर काम करणाऱ्या १३ बांगलादेशी नागरिकांना पोलिसांनी अटक केली. दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेली सरहद्द जणू आपल्या अंगणात येऊन ठेपली. ‘घुसखोरांना आमच्या करांतून धान्य का?’ हा प्रश्न त्यानंतर येथेही विचारला जाणे स्वाभाविक होते. प्रश्न रास्त आहे; मात्र त्यावर राज्य सरकारने योजलेला उपाय तपासून पाहणे आवश्यक आहे.

परकीयांचा प्रवेश आणि त्यांची हकालपट्टी हे विषय राज्यघटनेने केंद्राकडे सोपविले आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेला परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदाही केंद्राचाच आहे. राज्याच्या हाती उरतात ते दाखले, शिधापत्रिका आणि लाभार्थींच्या याद्या. साहजिकच राज्याचे सारे धोरण तेथे एकवटले. उशिरा केलेल्या जन्मनोंदींत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी येताच जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देणे थांबविण्यात आले व मार्चमध्ये कडक कार्यपद्धती ठरविण्यात आली. एप्रिलमध्ये शिधापत्रिकांच्या पडताळणीची मोहीम निघाली. वास्तव्याचा पुरावा न देणाऱ्यांना त्यासाठी १५ दिवसांची मुदत देण्यात आली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो की, कर ज्याच्यावर बसविला जातो त्याच्यावरच त्याचा भार पडतो असे नाही. ज्याला तो दुसऱ्यावर ढकलता येत नाही त्याच्यावर तो पडतो. कागदपत्रांच्या सक्तीचेही असेच आहे. ज्याच्यापाशी दलालाला देण्यापुरते पैसे आहेत, तो खोटा दाखला मिळवितो. अडते ती कोळशाच्या भट्टीवर जन्मलेली कातकरी स्त्री, किंवा एका कागदावर माहेरचे व दुसऱ्यावर सासरचे नाव असलेली खेड्यातील म्हातारी. तिचा मुलगा मुंबईत चाकरीला असतो. पंधरा दिवसांत तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणार कोण? चूक झाली तर तिची किंमत किती मोठी असते हेही आपण पाहिले आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या काही बंगाली मजुरांची बांगलादेशात रवानगी झाली. ते भारतीयच असल्याचे पश्चिम बंगाल सरकारने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले.

आणि इतके करून घुसखोरी थांबेल काय? अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. तेवढ्यासाठी कोणी सरहद्द ओलांडत नाही. तो येतो मजुरीसाठी. आपल्या आंबाबागा राखणारा आणि मच्छीमार नौकांवर राबणारा नेपाळी माणूसही मजुरीसाठीच येतो. १९५० च्या करारामुळे त्याचे येणे कायदेशीर ठरते, एवढाच फरक. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९७५ मध्ये बेकायदा आलेल्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा निधी रोखला होता. १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. लोक येतात ते रोजगारासाठी, फुकट शिक्षणासाठी नव्हे, हेही न्यायालयाने त्या वेळी नमूद केले.

घुसखोराच्या स्वस्त श्रमाचा खरा लाभार्थी रास्त भावाच्या दुकानाच्या रांगेत उभा नसतो. तो असतो खाणमालक, ठेकेदार आणि त्याला मजूर पुरविणारा मुकादम. पकडला जाण्याच्या भीतीने असा मजूर कमी मजुरीची तक्रार करीत नाही आणि त्यामुळे शेजारच्या स्थानिक मजुराचाही दर खाली येतो. ठेकेदारांनी स्थलांतरित मजुरांच्या नोंदी ठेवाव्यात अशी तरतूद १९७९ च्या कायद्यानेच केली होती. शिधापत्रिका तपासताना जी तत्परता दिसली, ती ठेकेदारांच्या हजेरीपटांच्या बाबतीत का दिसू नये?

परकीयाने नागरिकाचा वाटा घेऊ नये, याविषयी दुमत नाही. बनावट दाखले देणारे अधिकारी व दलाल यांना शिक्षा झालीच पाहिजे. परंतु नाव कमी करण्यापूर्वी लेखी कारण द्यावे, गावात जाऊन चौकशी करावी, अपिलाची संधी द्यावी आणि निर्णय होईपर्यंत धान्य बंद करू नये, एवढी मागणी अवाजवी नाही. नागरिकाच्या रक्षणासाठी आखलेल्या धोरणात नागरिकच उपाशी राहणार असेल, तर ते रक्षण कोणाचे?