एक्स्प्लेनर : मंत्रालयातील जाळी जीव वाचवते, पण प्रश्न सोडवते का?

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली, की जालन्यासह राज्यातील अनेक जिल्हाधिकारी कार्यालयांत ‘आत्मदहनाचा इशारा’ देणारी निवेदने येतात. कुणाचा मोबदला रखडलेला असतो, कुणाची चौकशी. त्या दिवशी प्रवेशद्वारावर बंदोबस्त वाढतो. दुसऱ्या दिवशी तो उठतो. प्रश्न तिथेच राहतो. मग सरकारी इमारतीत जीव नेमका कशाने वाचतो? समजून घेऊया.

जाळी का बसवली?

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्याच्या वादातून मंत्रालयात विष घेतले. उपचार सुरू असताना त्यांचा मृत्यू झाला. फेब्रुवारीत आणखी एकाने तिथेच उडी घेऊन जीव दिला. त्यानंतर काही दिवसांतच इमारतीतील मोकळ्या चौकावर संरक्षक जाळी बसली. पुढे तिच्यावर उड्या घेऊन आंदोलनेही झाली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारच जाळीवर उतरले.

अडवलेला माणूस दुसरीकडे जात नाही का?

हा समज सर्वत्र आहे, पण अभ्यास वेगळे सांगतात. अमेरिकेतील गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ दरम्यान अडवलेल्या ५१५ जणांचा मागोवा रिचर्ड सायडन यांनी घेतला. सुमारे ९४ टक्के लोक पुढे हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील क्लिफ्टन पुलावर १९९८ मध्ये अडथळे उभारल्यावर तिथले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

कारण सरळ आहे. टोकाच्या विचाराची तीव्र लाट अनेकदा थोडा वेळच टिकते. जाळी, कठडा किंवा सतर्क सुरक्षारक्षक तेवढा वेळ मिळवून देतो.

न्यायवैद्यक नोंदींचा उपयोग काय?

अकस्मात मृत्यूनंतर पंचनामा आणि शवविच्छेदन होते. जागा, वेळ, मृत्यूचे कारण कागदावर येते. एका प्रकरणापुरता हा तपास असतो; पण अनेक नोंदी एकत्र वाचल्या, तर कोणता जिना, कोणती गच्ची, कोणती वेळ धोक्याची, हे कळते. न्यायवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य इथे एकत्र येतात.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे, असे गृहीत धरते. तिच्यावर उपचार आणि पुनर्वसन करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२६ मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा सांगते. कार्यालयासमोर उभा असलेला माणूस खचलेला आहे की दबाव आणतोय? अनेकदा दोन्ही. म्हणूनच पोलिसांच्या बरोबरीने समुपदेशकही पहिल्या तासात पोहोचायला हवा.

जालन्यात काय करता येईल?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये राज्यात २२,७४६ आत्महत्या झाल्या. हा आकडा देशात सर्वाधिक होता. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, त्यात जालनाही आहे. इशाऱ्याचे निवेदन आले, की त्याची एक प्रत पोलिसांसोबत या यंत्रणेलाही जावी. निवेदन देणाऱ्याला फोन जावा आणि त्याची फाईल कुठल्या टेबलावर, किती दिवस अडकली आहे, याचे लेखी उत्तर मिळावे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

२०१८ ची ती पहिली घटना जाळी असती तरी टळली नसती. जाळी शेवटच्या क्षणी उपयोगी पडते. मोबदल्याचा कागद मात्र त्याआधी कितीतरी महिने टेबलावर असतो.

(तुम्ही किंवा जवळचे कुणी अशा विचारांतून जात असेल, तर एकटे राहू नका. ‘टेली-मानस’ची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येते.)