ग्राइंडरवर टाकलेलं गोणपाट

पोस्ट लांबलीय आणि थोडी कडूही झालीय, आधीच सांगते.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. निपाणीच्या बाजूचं आमचं गाव, घरात तीन पिढ्या पायताणाचा धंदा. पुण्याहून एक कुटुंब आलं होतं, लग्नासाठी सात जोड हवे होते. दारात गाडीचा आवाज आला तसं दादानं ग्राइंडरचं बटण बंद केलं, त्यावर गोणपाट टाकलं आणि रापी हातात घेऊन मांडी घालून बसला. पाहुण्यांनी फोटो काढले. "बघा, अजून सगळं हातानं करतात!" असं पोरांना सांगितलं. गाडी वळणावरून गेली, गोणपाट निघालं, मोटर परत सुरू.

आधी मला हसू आलं, मग राग. राग दादावर नव्हे. महिन्याभरापूर्वी एका गिऱ्हाइकानं मोटरचा आवाज ऐकून "मग हे हॅन्डमेड कसलं?" म्हणत जोड परत ठेवला होता. तेव्हापासून हे गोणपाट आलंय. राग आहे तो आपल्यासारख्यांवर. इंदूर, बडोदा, हैदराबादेत घरं करून राहिलेले आपण सुट्टीला आलो की गावाकडची आठवण म्हणून जोड नेतो आणि "अस्सल पाहिजे हां, मशीनचं नको" असं बजावतो. घरी पीठ गिरणीतून आणतो, वाटण मिक्सरमध्ये करतो. जात्यावर बसायचं ते फक्त चांभारानं.

आमच्या आईचा उजवा हात बघा एकदा. चाळीस वर्षं तळ शिवले तिनं. मनगटातली शीर दबलीय म्हणाले डॉक्टर, रात्री बोटं बधिर होतात. आबांचा खांदा वर जात नाही. भिजवलेलं म्हशीचं जाड कातडं दगडावर ठेवून ठोकायचं, दाबून घट्ट करायचं, त्याशिवाय तळ टिकत नाही. दिवसभर तेच. हे ठोकणं हातानं झालं की रोलरनं, कातड्याला काही कळत नाही. धागे दाबले जाणं महत्त्वाचं, आणि रोलर ते सगळीकडं सारखं दाबतो. कळतं ते खांद्याला. ज्यांना हातोड्याचंच पायताण हवं त्यांनी आठवडाभर हातोडा मारून बघावा, मग बोलू.

टाचेचे थर घासण्याचंही तसंच. पूर्वी आबा रापीनं कडा सोलायचे, मग फुटक्या काचेच्या धारेनं खरवडायचे. अंगठ्यावर किती खुणा! ग्राइंडरवर ते काम काही मिनिटांत होतं. पण इथं एक मेख आहे, ती दादालाही मी तोंडावर सांगितली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं उष्णता सोसत नाही. ओलं असताना तर मुळीच नाही. चाक जोरात दाबलं की कड काळी पडते, कडक होते आणि पुढं तिथंच तडकते. म्हणून चाकावर हात हलका ठेवायचा आणि शेवटचा हात काचेचाच. दुसरी गोष्ट धूळ. चामड्याची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं टाकलेली आहे, नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. दादा तोंडाला पंचा बांधतो. पंच्यानं काय होणार? मी मास्क आणून दिलेत, ते खुंटीला लटकतायत.

आता तुम्हाला वाटेल ही बाई मशीनवाली. थांबा.

ड्रिल मी त्या घरात शिरू देणार नाही. गेल्या वर्षी एक व्यापारी दादाला सांगून गेला, आरीनं कशाला टोचत बसताय, ड्रिलनं भोकं पाडा, तिप्पट माल निघेल. आरी कातडं काढत नाही. ती धागे बाजूला सारते, आणि वादी आत गेली की ते धागे परत मिटतात, तिला आवळून धरतात. ड्रिल तिथलं कातडं भुसा करून बाहेर टाकतं. उरतं ते भोक, आणि ते चालता चालता मोठंच होत जातं. शिवाय आमच्याकडं तळ कातड्याच्याच वादीनं शिवतात. ओली वादी ओढून बसवायची, वाळली की ती आखडते आणि टाका घट्ट होतो. शिलाई मशीनचा नायलॉन दोरा आखडत नाही, उलट तोच मऊ कातड्याला तारेसारखा कापतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो. तळाखाली एक झिजला की पुढची शिवण सुटत जाते. वादीचा टाका तुटला तर आई तेवढाच उसवून, त्याच भोकांतून परत शिवते. सोल्युशननं चिकटवलेला तळ सुटला की तो जोड उकिरड्यावर.

आणि कापणं. साचा ठेवून प्रेस मारला की एका मापाचे तळ पटापटा पडतात, खरं आहे. पण आबा कातडं पसरून आधी नुसतं बघत बसायचे. आम्हाला वाटायचं, हे काय बघतात इतकं? पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल आणि ताणणारं. तळ पाठीचा हवा, पोटाचा तुकडा मधल्या थरात खपतो. प्रेसवाला कातडं वाया जाऊ नये म्हणून कडेपर्यंत साचे मारतो आणि पोटाचा तळ तुमच्या पायात येतो. दोन महिन्यांत पसरतो. यात प्रेसचा दोष नाही, बघणारा डोळा काढून टाकला त्याचा आहे. आबांच्या डोळ्यानं कोणी साचा मांडला तर प्रेसनं कापायला माझी हरकत नाही.

म्हणजे "हातानं की मशीननं" हा प्रश्न विचारणाऱ्याला पायताण माहीत नाही. कुठलं काम, एवढंच विचारायचं असतं.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून इतकी वर्षं भांडण चाललंय, पण लिडकॉम आणि लिडकर ही दोन राज्यांची महामंडळं एका चपलेसाठी एका कागदावर आली. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं आपल्यासारखीच चप्पल दाखवली, नाव न घेता. तेव्हा काय तो अभिमान उसळला सगळ्यांचा! मलाही दहा जणांनी मेसेज पाठवले. त्या दहांतल्या एकानंही दादाला भाव वाढवून दिलेला नाही. सगळ्यात सोपं काम म्हणजे परंपरेचा अभिमान बाळगणं. त्याला ना आरी लागते ना खांदा.

आमच्या घरात रोहिदास महाराजांच्या फोटोशेजारी हरळय्यांचा फोटो आहे. कल्याणच्या हरळय्या आणि कल्याणम्मा या शरण जोडप्यानं स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पायताण केलं, अशी कथा आजी सांगायची. बसवण्णांनी ते पायात घातलं नाही, डोक्यावर घेतलं. कथा संपली की आजी कन्नडात म्हणायची, "साकु." पुरे. लहानपणी मला वाटायचं, गोष्ट पुरे म्हणतेय. आता आईचा हात बघितला की वेगळं वाटतं. ते कातडं आजही घरोघरी निघतंच आहे, आणि घेणारा ते डोक्यावर नाही, पायातच घालतो. वर विचारतो, हातानंच केलंय ना?

मी स्वतः पायताण करत नाही, नोकरीत आयुष्य गेलं. मला बोलायचा अधिकार किती, हे वैनीनं सुनावलं. "तुम्ही चार दिवस येता नि शिकवता. गोणपाट काढलं नि गिऱ्हाईक गेलं तर?" तिचं चूक नाही. वेण्या तीच घालते, कानांचं कातरकाम तिचं, आणि जोड विकला नाही तर पहिली कात्री तिच्याच खर्चाला लागते.

तरी मी एक पाटी लिहून ठेवून आलेय, वर मराठी, खाली कन्नड: तळ रोलरनं दाबलेला, कडा मोटरवर घासलेल्या, शिवण आरीनं आणि वादीनं, वेणी हाताची, कातडं बघून कापलेलं. खाली भाव, तोही जरा वाढवून. दादानं वाचली, हसला आणि कपाटामागं ठेवली. लग्नाची ऑर्डर जाऊ दे, म्हणाला, मग लावतो.